साडेसातच्या मालिकेला श्रद्धांजली

रोहिदास मुंगसेच्या हातून आजवर एकही खराब माल कंपनीच्या गेटबाहेर गेलेला नाही. हे त्याने स्वतःच सांगितलेलं आहे, आणि त्याने हे ज्याला सांगितलं नाही असा माणूस चाकणपासून तळेगावपर्यंत शोधून सापडायचा नाही. ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तो क्वालिटीला होता. भाग हातात घेऊन उजेडात फिरवला, की मशीन कुठं चुकलं, कोणाच्या शिफ्टला चुकलं आणि तेव्हा मशीनवाल्याचं लक्ष कुठं होतं, इथपर्यंत तो सांगायचा.

"दोष दिसतो सगळ्यांनाच राव," तो म्हणायचा, "पण तो सुरू कुठनं झाला ते सांगता आलं पाहिजे."

घरात मात्र ही विद्या चालत नसे. घरात दोघंच माणसं, आणि त्यातली दुसरी शकू. शकूच्या आमटीतला दोष कुठून सुरू झाला हे सांगायचा प्रयत्न रोहिदासने लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा केला होता. पुन्हा केला नाही.

या दोघांच्या संसाराइतकीच जुनी एक मालिका होती. 'डोहावरची ती'. संध्याकाळी साडेसातला लागायची. सुरुवातीच्या काळात त्या मालिकेत काहीच दिसायचं नाही, आणि तीच तिची गंमत होती. डोहाच्या काठावर एक बाई पाठमोरी बसलेली, ओले केस पाठीवर सोडलेले. तिला नाव नव्हतं. मालिकेतलं गाव तिला नुसतं 'ती' म्हणायचं. तोंड तर कधीच दाखवलं नाही. सकाळी कुणाच्या तरी ओट्यावर ओल्या पावलांचे ठसे उमटलेले असायचे. बस, एवढंच. पण तेवढ्यावर आमच्या वाडीतली माणसं रात्री पाणी प्यायला उठायची बंद झाली होती.

शकू तेव्हा नवी नवरी. नवऱ्याशी काय बोलावं हे तिला सुचत नव्हतं, नवऱ्यालाही ब्रेकच्या भागांपलीकडे विषय नव्हता. पण ठसे दिसले की ती त्याचं कोपर घट्ट धरायची. साडेसातला घरी असावं म्हणून रोहिदास सुपरवायझरच्या हातापाया पडून पहिली शिफ्ट मागून घ्यायचा. तब्येतीचं कारण द्यायचा.

मग मालिकेचं व्हायचं ते झालं. 'ती'ला तोंड आलं. तोंडामागोमाग नाव आलं: रिया. रियाला जुळी बहीण निघाली आणि ती सिंगापूरला असते असं कळलं. भुताला पासपोर्ट कुणी दिला याचा खुलासा झाला नाही. पुढे डोह बुजवून तिथं बारा मजली टॉवर उभा राहिला. तेवढा भाग मात्र आमच्याकडच्या लोकांना अगदी खरा वाटला.

कंपनीच्या बसमध्ये यावर रोज वाद.

"तोंड दाखवलं तिथंच संपलं," रोहिदास म्हणायचा.

"तोंडाचं सोड भावा," मागच्या सीटवरून ज्ञानेश. हा टूलरूमला होता आणि रोहिदासचा जिवलग. "सिंगापूरला नेली तिथं बोंबललं. खर्च वाढला की माल पातळ व्हतो. आपल्या कँटीनची डाळ बघ."

"डाळ आन् भूत एक हाय का?"

"क्वालिटीच्या बाबतीत एकच."

"मग वाय-वाय करा की," ड्रायव्हर भीमराज गाडी चालवता चालवता म्हणाला. कंपनीत ही पद्धतच होती. माल बिघडला की 'का?' विचारायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा 'का?' विचारायचं, असं मुळापर्यंत जायचं. बसने सुरुवात केली. मालिका का बिघडली? तोंड दाखवलं म्हणून. तोंड का दाखवलं? वाढवत न्यायची होती म्हणून. का वाढवली? लोक बघत होते म्हणून. बिघडली तरी लोक का बघत होते?

इथं बसचं घोडं अडलं. जो तो खिडकीबाहेर बघायला लागला. तेवढ्यात स्टॉप आला.

घरी रोहिदास मालिका बघत असे आणि बघता बघता दोष सांगत असे. "ही साडी मघाशी हिरवी हुती." "ह्या दाराला मागच्या आठवड्यात कडी न्हवती." शकू भाजी निवडत ऐकून घ्यायची. एके दिवशी रियाने मंगळागौरीला डोळ्यांतून निळा झोत सोडून गॅस पेटवला, आणि रोहिदासच्या सहनशीलतेचा नटबोल्टच निघाला. त्याने उठून टीव्ही बंद केला.

"झालं. रिजेक्ट. आपल्या घरात आजपासनं ही बघायची न्हाई. ह्यापरीस साडेसातला मी पारावर जाऊन बसंन."

शकूने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"पारावर बसनार?"

"बसनार."

"मग बसा."

दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली. "आईकडं जाते, राजगुरुनगरला."

"किती दिवस?"

"तुमी पारावर बसताय तवर."

ती एस.टी.ला गेली तेव्हा तिचे डोळे लाल होते, हे आळीतल्या प्रत्येक उंबऱ्यातून बघितलं गेलं. आमच्या आळीत एवढं लक्ष माणसं एकमेकांकडे देतात.

रोहिदास तीन संध्याकाळी पारावर बसला. पारावर बसून करायचं काय, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. घरी आल्यावर दोन माणसांचा भात लावायचा आणि एकट्याने संपवायचा. फोन केला तर शकू उचलत नव्हती. शेवटी त्याने आपली विद्या कामाला लावली. शकू का गेली? टीव्ही बंद केला म्हणून. टीव्ही का बंद केला? मालिका बिघडली म्हणून. म्हणजे मूळ दोष मालिकेत आहे. मालिका दुरुस्त झाली की शकू परत येईल.

हसू नका. बायको माहेरी गेलेला माणूस याहून बरा विचार करत नाही.

"चॅनलला पत्र लिहू का?" त्याने बसमध्ये विचारलं.

"पत्र कोण वाचतंय?" ज्ञानेश म्हणाला. "आपल्याकडं माणूस गेला तरी फ्लेक्स लागल्याबिगर कुनी खरं मानत न्हाई. मालिका मेली ना? मग लाव श्रद्धांजलीचा फ्लेक्स. फोटो फिरत फिरत चॅनलपर्यंत जाईल. त्यांना लाज वाटंल, सुधारतील."

रोहिदासला हे एकदम पटलं. फ्लेक्सवर आमच्या पट्ट्यात भलत्या गोष्टी सुधारलेल्या त्याने पाहिल्या होत्या. दहावीला दोनदा बसलेली मुलं फ्लेक्सवर युवा नेते झाली होती.

चाकणला बाळूचं फ्लेक्सचं दुकान. बाळूने कॉम्प्युटरवर ढग, समई आणि झेंडूची माळ तयारच ठेवलेली असते, फक्त मधे माणूस बसवायचा.

"फोटो द्या," बाळू म्हणाला.

"फोटो न्हाई. तिचं तोंडच दाखवलेलं न्हवतं."

"नंतर दाखवलं की. नेटवरनं घेऊ."

"ती न्हवं रे. ती रिया. मला 'ती' पायजे. पाठमोरी. केस सोडलेली."

"टीव्हीवरचा फोटो छापला तर नोटीस येती भाऊ. दुसरी कुठली पाठ असंल तर बघा."

रोहिदासने मोबाईल काढला. त्यात ब्रेकच्या भागांचे शेकडो फोटो होते. त्यांच्यामधे एकच माणसाचा होता: दिवाळीच्या सकाळी अभ्यंगस्नान करून शकू गच्चीवर केस वाळवत उभी होती. पाठमोरी, निळी साडी, केस कमरेपर्यंत.

"वा," बाळू म्हणाला. "हुबेहूब भूत."

मजकूर रोहिदासने स्वतः सांगितला, आणि सांगताना त्याचा आवाज खरोखरच भरून आला. *भावपूर्ण श्रद्धांजली. इतकी वर्षं संध्याकाळी सोबत केलीस. शेवटी शेवटी तुझे हाल बघवत नव्हते. तू होतीस तशी आता कोणी होणे नाही.* नाव टाकायचं नव्हतं, कारण 'ती'ला नावच नव्हतं. खाली मोठ्या अक्षरांत: *शोकाकुल, रोहिदास मुंगसे व समस्त बस मित्रमंडळ.*

सकाळी उजाडायच्या आत बाळूच्या माणसांनी फ्लेक्स वाडीच्या चौकात बांधला. रोहिदासने बसच्या खिडकीतून तो डोळे भरून बघितला, कंपनीत जाऊन नियमाप्रमाणे मोबाईल लॉकरमध्ये ठेवला आणि कामाला लागला.

आता रोहिदासला एक गोष्ट लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. शहरात माणूस तोंडावरून ओळखतात. आमच्या वाडीत बाया विहिरीवर, शेतात, दळणाच्या रांगेत एकमेकींच्या मागे उभ्या राहून म्हाताऱ्या झालेल्या. तिथं पाठीवरून माणूस ओळखायला वेळ लागत नाही. दूध घालायला निघालेल्या साहेबरावाने फ्लेक्स बघितला, आणि त्याच्या किटलीतलं दूध जागच्या जागी थबकलं.

"आरं, ही तर रोहिदासाची शकू."

तासाभरात आळी गोळा झाली. दाराला कुलूप.

"माहेरीच गेली म्हनायची."

"जाताना डोळं लाल हुतं. मी बघितलं न्हवं का."

"'शेवटी शेवटी हाल' म्हंजी दुखनंच असनार. आपल्याला कळू दिलं न्हाई पोरीनं."

"आन् रोहिदास?"

"कंपनीत गेलाय."

मग मारुतराव पुढे झाले. हे रोहिदासचे चुलत चुलते. खेड तालुक्यात त्यांच्या भाषणाशिवाय दशक्रिया उरकल्यासारखी वाटत नाही. "त्याला धक्का बसलाय," ते म्हणाले. "अशा वक्ताला मानूस सवयीनं कामावर जातो. आता मातीला इथंच आनतील. मांडव घाला."

कुणीतरी म्हणालं, तिच्या आईला फोन करून विचारावं का? पण लेक गेलेल्या आईला 'गेली का हो?' असं विचारायचं कसं? ते कुणालाच बरं दिसेना. त्यापेक्षा मांडव सोपा होता.

दुपारी रोहिदास बसमधून उतरला. त्याच्या दारात मांडव, त्याखाली दोनशे खुर्च्या, खुर्च्यांवर पांढरे कपडे. शेजारच्या विजयश्रीने पिठल्याचं पातेलं आणि भाकरींची चळत आणून ओसरीवर ठेवली होती. ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटवत नाहीत, शेजारी आणून देतात. शेजारी कोणीतरी गेलं आणि जागा कमी पडली म्हणून आपल्या दारात मांडव आला, असं समजून रोहिदास मुकाट्याने मागच्या खुर्चीवर बसला. मारुतरावांनी येऊन त्याला छातीशी धरलं.

"कसं सोसतूस रे बाळा?"

रोहिदासला वाटलं, फ्लेक्स वाचला यांनी. मालिका म्हाताऱ्यांचीही आवडती असेल हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला भरून आलं. "सोसायचं काय नाना. गेली काही वर्षं नुसते हाल."

"आन् आमाला पत्ताच न्हाई."

"सगळ्यांना दिसत हुतं की. मी रोज बोलून दाखवायचो."

"तिला?" मारुतरावांचा आवाज फाटला. "तोंडावर?"

"मग काय पाठीमागं?"

मारुतरावांनी त्याला सोडलं, जरा लांबून बघितलं, आणि धक्का फारच मोठा दिसतो असं ठरवून पुन्हा धरलं.

मग भाषणं सुरू झाली. विजयश्री उठली. "मला स्कूटी शिकवली ती ह्या माउलीनं," ती पदर डोळ्याला लावत म्हणाली. "कॅनॉलवर. मी दोनदा तिला झुडपात पाडली, घरी आल्यावर म्हनली, पडले न्हाई, करवंदं तोडत हुते."

रोहिदास खुर्चीवर ताठ झाला. ती करवंदांची गोष्ट त्याला आठवत होती. करवंदं मात्र घरी आल्याचं आठवत नव्हतं.

"आन् ती साडेसातची मालिका," विजयश्री पुढे म्हणाली. "मी एकदा तिला म्हनलं, शकू, ती मालिका कधीच बिघडलीय, तू कशाला बघतीस? तर म्हनली, बिघडलीय ते मला तुझ्याआधी कळलंय. पर मालक दिवसभर कंपनीत, आले की पेपरात. तेवढा अर्धा तास शेजारी बसत्यात, बोलत्यात. मालिका चांगली झाली तर गप बसून बघतील गं, म्हनली. बिघडलेलीच बरी हाय."

मांडवात हुंदके. बसमध्ये ज्या प्रश्नापाशी घोडं अडलं होतं, त्याचं उत्तर रोहिदासच्या घरात रोज मेथी निवडत बसलेलं होतं, आणि त्याने टीव्ही बंद करून त्याला सांगितलं होतं, मी पारावर जातो.

मग त्याच्या ध्यानात आलं की हे सगळे शकूबद्दल बोलतायत. आणि भूतकाळात बोलतायत.

"थांबा," तो उठला. "आवो, शकू गेलेली न्हाई. ती जिवंत हाय."

मारुतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हाय की. आपल्या सगळ्यांच्या मनात जिवंत हाय."

"मनात न्हाई नाना, राजगुरुनगरात."

"पानी द्या रे त्याला."

त्याने मोबाईल काढून शकूला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मांडवातल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. पहिल्यांदाच रोहिदासला शंका आली. सगळं गाव चुकत असेल, पण फोन का उचलत नाही? तिथं खरंच काही...? त्याने तिसऱ्यांदा लावला. मारुतराव त्याला खुर्चीवर बसवत होते आणि तो बसायला तयार नव्हता.

"मी जातो राजगुरुनगरला. ज्ञानेश, गाडी काढ," गर्दी बघून नुकत्याच आलेल्या ज्ञानेशला तो म्हणाला.

"कुठं जायाची गरज न्हाई," मांडवाच्या तोंडाशी आवाज आला.

शकू रिक्षातून उतरली होती, पिशवी हातात. फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत चॅनलकडे गेला की नाही माहीत नाही, पण बचतगटाच्या ग्रुपवर तो सकाळीच पोचला होता. शकूने स्वतःला वाहिलेल्या श्रद्धांजल्या वाचल्या आणि खाली लिहिलं, 'मी आहे.' त्यावर गटाच्या अध्यक्ष बाईंनी उत्तर दिलं, 'मयताच्या फोनवरून चेष्टा करू नये.' मग तिने फोन पिशवीत टाकला आणि निघाली.

"कोन गेलं?" तिने विचारलं.

गेलेल्या माणसाला तो गेल्याचं कुणी सांगायचं, याची काही रीत आमच्याकडे ठरलेली नाही. दोन-तीन बायांनी आधी तिची पावलं बघितली. सरळ होती. मग त्या जे रडायला लागल्या ते आधीच्या रडण्याहून मोठं होतं.

शकू सगळ्यांमधून वाट काढत रोहिदाससमोर आली. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि इतका वेळ बघत राहिला की मारुतरावांनी खाकरून मान दुसरीकडे वळवली.

"फोन का उचलत न्हाईस?" तो म्हणाला.

"रिक्षात ऐकू न्हाई आला." मग जरा थांबून, "तो फोटो कवा काढला?"

"दिवाळीला. केस वाळवत हुतीस."

"मला न्हाई दाखवला."

"तू म्हनली असतीस, तोंड न्हाई त्यात, काढून टाका."

"म्हनले असते." शकू पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. "आन् पारावर?"

"करमत न्हाई तिथं," रोहिदास म्हणाला. "कुनी शेजारी बसत न्हाई."

यापुढचं काय बोलणं झालं ते ऐकायला आळी पुढे वाकली होती, पण बोलणं झालंच नाही. शकूने नुसती पिशवी त्याच्या हातात दिली. आमच्याकडे यालाच बोलणं म्हणतात.

मांडवाचं भाडं दिवसाचं ठरलं होतं आणि पिठलं गार होत होतं, तेव्हा उठून जायचं कुणाला पटेना. पंगत बसली. मारुतरावांनी भाषण अर्धवट राहिल्याचं दोनदा सुचवून बघितलं. शकू म्हणाली, "करा की नाना, मी ऐकते," तेव्हा ते भाकरी वाढायला उठले. साडेसात वाजले. विजयश्रीने टीव्ही खिडकीत आणून बाहेरच्या बाजूला फिरवला, आणि दोनशे खुर्च्या मालिका बघायला लागल्या. त्या दिवशी रिया सरपंचपदाला उभी राहिली होती.

रोहिदास आणि शकू गच्चीवर जाऊन बसले. खाली वाद पेटला होता. ज्ञानेशचा आवाज वर येत होता, सिंगापूर, सिंगापूर. रोहिदास दोनदा उठायला गेला. शकूने दोनदा खाली बसवलं.

"उद्या उतरवतो तो फ्लेक्स," तो म्हणाला.

"कशाला? एवढा मोठा फोटो माझा कुनी लावलाय कवा?" शकू म्हणाली. "वरचं 'श्रद्धांजली' तेवढं झाकायला सांगा. आन् माळ काढा, बाई."

दुसऱ्या दिवशी बाळूने माळ खरवडली, मजकुरावर पांढरा कागद डकवला आणि 'श्रद्धांजली'वर त्याच्याकडे तयार असलेली पट्टी चिकटवली: 'हार्दिक शुभेच्छा'. खालचं 'शोकाकुल, रोहिदास मुंगसे' तसंच राहून गेलं. महिनाभर तो फ्लेक्स चौकात होता. दोष शोधण्यात हयात गेलेला रोहिदास रोज सकाळी बसच्या खिडकीतून तो बघत होता, पण त्याची नजर काही पाठीच्या खाली उतरली नाही.